कानपूर ते वडोदरा : भारतीय सैनिकी वाहतूक विमानांच्या आधुनिकीकरणाचा इतिहास

प्रास्ताविक

भारतीय हवाई दलाचा इतिहास आपल्याकडे बहुधा लढाऊ विमानांच्या अंगाने सांगितला जातो. नॅट, मिग, जग्वार, मिराज, सुखोई ही नावे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सहज सांगता येतात. परंतु १९४७ साली सैन्य श्रीनगरला कशाने पोहोचले, १९६२ मध्ये रणगाडे लडाखच्या पठारावर कसे चढविले गेले, किंवा २०२१ च्या एप्रिल महिन्यात प्राणवायूचे रिकामे टँकर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात काही तासांत कसे गेले, असे विचारले तर उत्तर सहसा मिळत नाही. या सर्व प्रसंगी काम केले ते वाहतूक विमानांनी. ही विमाने गोळी झाडत नाहीत आणि संचलनात टाळ्याही फारशा मिळवीत नाहीत. तरीही सीमेवरील ठाणे टिकणार की नाही आणि पूरग्रस्त गावाला अन्न मिळणार की नाही, हे अनेकदा त्यांच्यावरच ठरते.

या विमानांचा ताफा स्वातंत्र्यानंतर कसकसा बदलत गेला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे. हवाई दलाबरोबरच नौदल व तटरक्षक दल यांचाही विचार केला आहे, कारण एकाच कारखान्यातील एकच विमान तीन वेगवेगळ्या गणवेशांत वापरले गेल्याची उदाहरणे या इतिहासात आहेत. लेखाचे मुख्य प्रतिपादन असे की, आधुनिकीकरण म्हणजे नवीन विमानांची खरेदी, हा समज अपुरा आहे. विमान घेतल्यावर त्याची दुरुस्ती कोण करतो, त्याचे सुटे भाग कोठून येतात आणि ते चालविणारी व सांभाळणारी माणसे कोठे तयार होतात, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरच ताफा खऱ्या अर्थाने आधुनिक झाला की नाही हे ठरते.

डाकोटा : वारशाने मिळालेले विमान

स्वतंत्र भारताच्या हवाई दलाजवळ वाहतुकीसाठी प्रामुख्याने अमेरिकन बनावटीचे डाकोटा हे दोन इंजिनांचे विमान होते. दुसऱ्या महायुद्धातून उरलेली ही विमाने होती. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी पहिल्या शीख पलटणीचे जवान दिल्लीहून श्रीनगरच्या कच्च्या धावपट्टीवर उतरविण्यात आले, ते हवाई दलाच्या बाराव्या स्क्वॉड्रनच्या व खासगी विमान कंपन्यांच्या डाकोटांमधून. पलटणीचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय यांच्याकडे होते. ते त्याच दिवशी धारातीर्थी पडले. खासगी कंपन्यांची विमाने व वैमानिक बोलवावे लागले, यावरून सैनिकी ताफा किती तोकडा होता हे लक्षात येते.

त्यानंतर पूंछ शहराला वेढा पडला. एअर कमोडोर मेहर सिंग यांनी तेथे घाईने तयार केलेल्या धावपट्टीवर डाकोटा उतरविले. येताना तोफा, दारूगोळा व धान्य आणायचे आणि जाताना निर्वासित व जखमी न्यायचे, असा क्रम सुरू झाला. २४ मे १९४८ रोजी त्यांनी मेजर जनरल के. एस. थिमय्या यांना बरोबर घेऊन लेह येथे विमान उतरविले. ही जागा समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. डाकोटामध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती आणि मार्गाचे नकाशेही भरवशाचे नव्हते.

या पराक्रमाबद्दल आदर बाळगूनही अभ्यासकाने एक गोष्ट नोंदविली पाहिजे. माणसांच्या धाडसाने यंत्राची उणीव भरून काढण्याची जी सवय येथे लागली, ती पुढे अनेक वर्षे सुटली नाही. विमानाच्या क्षमतेपलीकडचे काम वैमानिकाने करून दाखविले की नवीन विमानाची निकड कागदावर कमी दिसू लागते. वाहतूक ताफ्याच्या आधुनिकीकरणाला वारंवार जो उशीर झाला, त्यामागे पैशाच्या टंचाईबरोबर हेही एक कारण असावे.

पॅकेट, एएन-१२ आणि १९६२ चा धडा

१९५४ पासून अमेरिकन बनावटीचे सी-११९ पॅकेट हे विमान हवाई दलात येऊ लागले. मागच्या बाजूने उघडणारे प्रशस्त पोट हा त्याचा मोठा गुण होता. हिमालयातील विरळ हवेत मात्र त्याची इंजिने कमी पडत. म्हणून त्याच्या पाठीवर एक लहान जेट इंजिन बसविण्याचा उपाय योजण्यात आला. नवे विमान येईपर्यंत जुन्यातच सुधारणा करून घेण्याचे हे आपल्याकडील एक ठळक उदाहरण होय. २३ जुलै १९६२ रोजी स्क्वॉड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी पॅकेट विमान लडाखमधील दौलत बेग ओल्डी येथे उतरविले. सुमारे पाच हजार मीटर उंचीवरील ही धावपट्टी जगातील सर्वांत उंच धावपट्ट्यांपैकी एक आहे.

याच सुमारास, १९६१ मध्ये, सोव्हिएत संघाकडून चार इंजिनांचे एएन-१२ हे विमान दाखल झाले आणि चव्वेचाळिसावी स्क्वॉड्रन त्यासाठी उभी राहिली. ऑक्टोबर १९६२ मध्ये या विमानांनी एएमएक्स-१३ हे हलके रणगाडे चुशूल येथे नेले. चुशूल चार हजार मीटरहून उंच आहे. रणगाड्यासारखी अवजड वस्तू तेथे विमानाने नेण्याची ही कामगिरी त्या काळी असामान्य होती.

तथापि त्या युद्धाने ताफ्याच्या मर्यादाही उघड केल्या. नोव्हेंबर १९६२ मध्ये अमेरिकेने आपल्या सी-१३० विमानांची एक तुकडी वैमानिकांसह भारतात पाठविली आणि तिने लडाखकडे रसद नेली. म्हणजे डाकोटा व पॅकेट अमेरिकन, एएन-१२ सोव्हिएत आणि संकटकाळी मदतीस आलेली विमाने पुन्हा अमेरिकन, असे चित्र होते. १९६३ मध्ये कॅनडाचे कॅरिबू हे आखूड धावपट्टीवर उतरू शकणारे विमान आले. एका दशकात चार-पाच प्रकारची विमाने जमली. प्रत्येकाची हत्यारे, तेल, सुटे भाग व प्रशिक्षण निराळे होते. विविधतेमुळे एका देशावर अवलंबून राहण्याचा धोका कमी झाला, पण दुरुस्तीचा भार कित्येक पटींनी वाढला.

या मिश्र ताफ्याची कसोटी ११ डिसेंबर १९७१ रोजी लागली. त्या दिवशी पूर्व पाकिस्तानातील टांगाईल येथे दुसऱ्या पॅराशूट बटालियनचे सुमारे सातशे जवान छत्रीच्या साहाय्याने उतरविण्यात आले. एएन-१२, पॅकेट, कॅरिबू आणि डाकोटा ही चारही प्रकारची विमाने त्यात होती. वेगवेगळ्या वेगाने उडणारी विमाने एकाच वेळी एकाच ठिकाणी आणणे ही नियोजनाची मोठी परीक्षा होती आणि ती यशस्वी झाली. पण त्या यादीतील डाकोटा श्रीनगरच्या उड्डाणांनंतर चोवीस वर्षांनीही तेथे होते, हेही विसरता येत नाही.

कानपूरचा प्रयोग

परदेशातून विमाने आणण्याचे सत्र चालू असतानाच देशात वाहतूक विमान बांधण्याचा एक मोठा प्रयत्न झाला. ब्रिटनच्या ॲव्हरो कंपनीचे ७४८ हे विमान कानपूर येथे बांधण्याचे ठरले. १९६० साली तेथे कारखाना सुरू झाला आणि १ नोव्हेंबर १९६१ रोजी येथे जुळणी केलेल्या पहिल्या विमानाने उड्डाण केले. हवाई दलप्रमुख सुब्रोतो मुखर्जी यांचे नोव्हेंबर १९६० मध्ये निधन झाले होते. त्यांच्या स्मरणार्थ विमानाला 'सुब्रोतो' हे नाव देण्यात आले.

या कामामागे एअर व्हाइस मार्शल हरजिंदर सिंग यांचा पुढाकार होता. त्यांचे चरित्र अध्यापकांनी मुद्दाम पाहावे असे आहे. अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊनही ते हवाई दलाच्या आरंभीच्या काळात 'हवाई सिपाही' म्हणून भरती झाले होते. हवाई सिपाही म्हणजे विमानांची देखभाल करणारा साधा कर्मचारी. तेथून ते देखभाल विभागाच्या प्रमुखपदापर्यंत पोहोचले. हाताला ग्रीस लागलेल्या माणसाने देशातील पहिल्या मोठ्या वाहतूक विमानाची उभारणी करून दाखविली, ही घटना वैमानिकांच्या शौर्यकथांइतकीच महत्त्वाची आहे.

कानपूरमध्ये पुढील दोन दशकांत एकूण ८९ ॲव्हरो विमाने तयार झाली. त्यांपैकी ७२ हवाई दलाकडे व १७ इंडियन एअरलाइन्सकडे गेली. सीमा सुरक्षा दलाच्या हवाई शाखेनेही ॲव्हरो वापरले. परंतु मूळ विमान प्रवाशांसाठी आखलेले होते. त्याला मागे उतरते दार नव्हते, त्यामुळे वाहने सरळ आत नेता येत नसत. उंच पहाडी धावपट्ट्यांवरही त्याची शक्ती कमी पडे. नंतर मालासाठी मोठे दार असलेला प्रकार काढण्यात आला, तरी सीमेवरील अवजड कामाला ते पुरेसे ठरले नाही. देशात विमान बांधता येते हे सिद्ध झाले, पण आपल्या गरजेचे विमान आपणच आखण्याची पायरी मात्र गाठली गेली नाही.

सोव्हिएत काळ आणि हैदराबादचे इद्रीस लतीफ

सत्तरच्या दशकाच्या शेवटी हवाई दलासमोर एकदम अनेक जुनी विमाने बदलण्याचा प्रश्न उभा राहिला. ऑगस्ट १९७८ ते ऑगस्ट १९८१ या काळात हवाई दलप्रमुख होते एअर चीफ मार्शल इद्रीस हसन लतीफ. ते मूळचे हैदराबादचे होते. फाळणीच्या वेळी असगर खान व नूर खान या सहकारी मित्रांनी त्यांना पाकिस्तानच्या हवाई दलात येण्याचा आग्रह केला होता, पण त्यांनी भारतातच राहण्याचा निर्णय घेतला. निवृत्तीनंतर ते महाराष्ट्राचे राज्यपाल आणि पुढे फ्रान्समधील राजदूत झाले. २०१८ मध्ये हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले. वर्षानुवर्षे पडून राहिलेला जग्वार विमानांचा प्रस्ताव सरकारकडून मंजूर करून घेणे हे त्यांच्या कारकिर्दीतील ठळक काम मानले जाते. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातून एक गोष्ट ध्यानात येते. आधुनिकीकरणाचा पहिला हप्ता लढाऊ विमानांना मिळाला आणि वाहतूक विमानांची पाळी त्यानंतर आली.

ही पाळी १९८४ पासून आली. सोव्हिएत संघातील युक्रेनमध्ये तयार होणारे एएन-३२ हे विमान दाखल झाले. उष्ण हवामान व उंच प्रदेश या दोन्ही अडचणी ध्यानात घेऊन त्याला एएन-२६ या आधीच्या विमानापेक्षा कितीतरी शक्तिमान इंजिने दिली होती. पंख्याची मोठी पाती जमिनीपासून दूर राहावीत म्हणून ही इंजिने पंखांच्या वर बसविलेली आहेत. शंभराहून अधिक एएन-३२ घेण्यात आली आणि डाकोटा, पॅकेट व कॅरिबू यांची जागा त्यांनी भरून काढली. १९८५ पासून आयएल-७६ हे चार जेट इंजिनांचे विमान आले. चाळीस टनांहून अधिक भार नेणाऱ्या या विमानाला 'गजराज' हे नाव देण्यात आले. ३ नोव्हेंबर १९८८ रोजी मालदीवमध्ये बंड झाले, तेव्हा आग्र्याहून निघालेली आयएल-७६ विमाने त्याच रात्री हुलहुले येथे उतरली. पॅरा ब्रिगेडचे नेतृत्व ब्रिगेडियर फारुख बलसारा यांच्याकडे होते. दोन हजारांहून अधिक किलोमीटरचे अंतर न थांबता पार करून छत्रीधारी पलटण पोहोचविण्याची क्षमता देशाला प्रथमच प्राप्त झाली होती.

पण या ताफ्याच्या पोटात एक अडचण दडलेली होती. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विघटित झाला. आयएल-७६ ची रचना मॉस्कोची, जुळणी ताश्कंदची आणि इंजिने रशियातील रिबिन्स्कची होती. एएन-३२ ची रचना कीव्हची आणि इंजिने झापोरिझ्झियाची होती. काल एकाच देशाशी पत्रव्यवहार करून जे भाग मिळत, त्यांसाठी आता रशिया, युक्रेन व उझबेकिस्तान यांची दारे ठोठावावी लागली. २००९ मध्ये एएन-३२ च्या आधुनिकीकरणाचा करार युक्रेनशी झाला. १०५ विमानांपैकी ४० तिकडे व उरलेली कानपूरच्या पहिल्या बेस रिपेअर डेपोत सुधारावयाची असे ठरले. २०१४ मध्ये युक्रेन व रशिया यांच्यात संघर्ष सुरू झाला आणि सुट्या भागांचा पुरवठा रखडला. २०२२ च्या युद्धाने तर अडचण आणखी वाढली. दूरच्या दोन देशांतील भांडणाने कानपूरच्या कार्यशाळेतील काम अडते, हे परावलंबनाचे प्रत्यक्ष स्वरूप आहे.

याची किंमत केवळ पैशात मोजता येत नाही. ईशान्येकडील मेचुका मार्गावर जून २००९ आणि ३ जून २०१९ अशा दोन अपघातांत प्रत्येकी १३ जण दगावले. २२ जुलै २०१६ रोजी तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेले एएन-३२ विमान २९ जणांसह बंगालच्या उपसागरात नाहीसे झाले. त्याचे अवशेष समुद्राच्या तळाशी सुमारे ३,४०० मीटर खोलीवर सापडल्याचे जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. प्रत्येक अपघाताचे कारण यंत्राचे वय हेच होते असे म्हणता येणार नाही, कारण ईशान्येतील दऱ्या व अचानक पालटणारी हवा नव्या विमानालाही सोडत नाहीत. तरीही जुने विमान किती काळ वापरायचे, हा प्रश्न हिशेबाबरोबरच नीतीचाही आहे, एवढे या घटनांवरून कळते.

एक विमान, तीन गणवेश

आपल्या देशात भूदलाच्या जवानांना दूरवर नेण्याची जबाबदारी हवाई दलाकडे आहे. १९८६ मध्ये भूदलाची स्वतंत्र हवाई शाखा निर्माण झाली, परंतु तिचा भर हेलिकॉप्टरांवर राहिला. साहजिकच वापरणारे एक दल आणि बाळगणारे दुसरे, अशी वाहतूक विमानाची स्थिती आहे. खर्चाच्या प्राधान्यक्रमात ते मागे पडण्याचे हेही एक कारण म्हणता येईल.

याउलट डॉर्निअर-२२८ या लहान विमानाची कथा आहे. जर्मनीच्या डॉर्निअर कंपनीशी १९८३ मध्ये झालेल्या करारानुसार कानपूरच्या त्याच कारखान्यात हे विमान तयार होऊ लागले. हवाई दलाने ते प्रशिक्षण व लहान अंतराच्या वाहतुकीसाठी घेतले, तटरक्षक दलाने किनाऱ्यावरील टेहळणी व शोधकार्यासाठी आणि नौदलाने सागरी निरीक्षणासाठी. गोव्यातील दाबोळी येथील आयएनएस हंसा या नौदल तळावरील ३१० क्रमांकाची स्क्वॉड्रन पूर्वी विमानवाहू जहाजावरील फ्रेंच अलिझे विमाने उडवीत असे. नंतर तिच्याकडे डॉर्निअर आली. मूळ सांगाडा एकच, पण पोटात रडार ठेवले की टेहळणीचे विमान आणि आसने ठेवली की वाहतुकीचे, असा हा प्रकार आहे.

यातील लाभ उघड आहे. सुटे भाग, दुरुस्तीची पुस्तके व कारागिरांचे शिक्षण तिन्ही दलांना समाईक राहते. मार्च २०२३ मध्ये हवाई दलासाठी आणखी सहा डॉर्निअर विमानांचा ६६७ कोटी रुपयांचा करार झाला. एप्रिल २०२२ मध्ये याच विमानाची नागरी आवृत्ती अरुणाचलातील पासीघाटसाठी प्रवासी सेवेत आली. चाळीस वर्षे एक साधे विमान टिकते, याचे श्रेय त्याच्या वेगाला देता येणार नाही. ते आपल्याच देशात बांधले व दुरुस्त केले जाते, याला दिले पाहिजे.

पुन्हा अमेरिकन विमाने

एकविसाव्या शतकात ताफ्याची दिशा पुन्हा पालटली. २००८ मध्ये सहा सी-१३०जे विमानांची मागणी नोंदविली गेली आणि २०११ मध्ये ती गाझियाबादजवळील हिंडन तळावर येऊ लागली. नंतर आणखी सहा घेण्यात आली. १९६२ मध्ये मदतीस आलेल्या विमानाचाच हा सुधारित वंशज, म्हणजे गरज कळणे व ती पुरी होणे यांत जवळजवळ अर्धे शतक गेले. २० ऑगस्ट २०१३ रोजी सी-१३०जे दौलत बेग ओल्डी येथे उतरले. एप्रिल २०२३ मध्ये सुदानमधील एका खराब धावपट्टीवर रात्रीच्या अंधारात उतरून याच प्रकारच्या विमानाने १२१ जणांची सुटका केली. नवे यंत्र म्हणजे अपघातापासून मुक्ती नव्हे, हेही लवकरच दिसले. २८ मार्च २०१४ रोजी आग्र्याहून सरावासाठी निघालेले एक सी-१३०जे ग्वाल्हेरच्या पश्चिमेस कोसळले आणि पाच जण मृत्युमुखी पडले.

२०११ च्या करारानुसार दहा सी-१७ विमाने आली व २०१९ मध्ये अकरावे आले. सत्तर टनांहून अधिक भार नेणाऱ्या या विमानाने देशाची पोहोच पुष्कळ वाढविली. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलमधून भारतीयांना आणण्याच्या कामी ते उपयोगी पडले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, महासाथीच्या दुसऱ्या लाटेत, हैदराबादच्या बेगमपेठ तळावरून भुवनेश्वरकडे आणि इंदूरहून जामनगरकडे प्राणवायूचे रिकामे टँकर याच विमानांनी नेले. भरलेले टँकर विमानातून नेणे धोक्याचे असल्याने जाताना विमान व येताना रस्ता अथवा रेल्वे अशी योजना होती. ज्यांच्या घरातील रुग्ण त्या दिवसांत प्राणवायूची वाट पाहत होते, त्यांना वाहतूक विमानाचे महत्त्व निराळे सांगण्याची गरज नाही.

परंतु सी-१७ चे उत्पादन २०१५ मध्येच बंद झाले. आणखी विमाने हवी असली तरी नवी मिळणार नाहीत. विकत घेतलेल्या सामर्थ्याची मर्यादा विकणाऱ्याच्या कारखान्याच्या दाराशी असते, हे येथे पुन्हा प्रत्ययास आले. रशियाबरोबर मध्यम आकाराचे विमान संयुक्तपणे तयार करण्याचा २००७ चा संकल्पही सुमारे दशकभराच्या चर्चेनंतर सोडून द्यावा लागला.

वडोदऱ्याचा टप्पा

ॲव्हरो बदलण्यासाठी मे २०१३ मध्ये निविदा निघाली. भारतीय भागीदार खासगी क्षेत्रातील असावा, अशी त्यात अट होती. एअरबस व टाटा यांचा एकच प्रस्ताव आला. एकाच बोलीवर निर्णय घ्यावा की नाही यावर बराच खल झाला. २०१५ मध्ये संरक्षण मंत्रालयाच्या परिषदेची मान्यता मिळाली, तरी प्रत्यक्ष करारावर सह्या व्हायला २४ सप्टेंबर २०२१ उजाडला. एकूण ५६ सी-२९५ विमाने, किंमत सुमारे २१,९३५ कोटी रुपये, त्यांपैकी १६ स्पेनमधील सेव्हिल येथून तयार स्थितीत व ४० वडोदऱ्यात बांधावयाची, असा हा करार आहे.

पहिले विमान सप्टेंबर २०२३ मध्ये मिळाले व वडोदऱ्याच्या अकराव्या स्क्वॉड्रनकडे सोपविण्यात आले. हीच स्क्वॉड्रन पूर्वी ॲव्हरो उडवीत असे. सोळापैकी शेवटचे विमान ऑगस्ट २०२५ मध्ये हाती आले. वडोदऱ्यातील कारखान्याची कोनशिला ३० ऑक्टोबर २०२२ रोजी बसविण्यात आली आणि २८ ऑक्टोबर २०२४ रोजी भारत व स्पेनच्या पंतप्रधानांनी त्याचे उद्घाटन केले. विमानाचे अनेक मोठे भाग हैदराबाद येथे तयार होऊन जुळणीसाठी वडोदऱ्यास पाठविण्याची योजना आहे. सी-१३०जे विमानाचा शेपटीकडील भागही हैदराबादजवळील आदिबटला येथे काही वर्षांपासून तयार होत आहे. सी-२९५ मध्ये ७१ जवान किंवा ५० छत्रीधारी सैनिक बसू शकतात. ॲव्हरोला नसलेले मागचे उतरते दार त्याला आहे. नौदल व तटरक्षक दल यांच्यासाठी याच विमानाची सागरी आवृत्ती घेण्याच्या प्रस्तावाला फेब्रुवारी २०२४ मध्ये प्राथमिक मान्यता मिळाली. म्हणजे डॉर्निअरच्या बाबतीत जे घडले, त्याचीच मोठ्या प्रमाणावर पुनरावृत्ती होण्याची शक्यता आहे.

कानपूर व वडोदरा यांची तुलना येथे उद्बोधक ठरते. दोन्ही ठिकाणी रचना परदेशी. कानपूरचा कारखाना सरकारी, तर वडोदऱ्याचा खासगी. कानपूरमध्ये विमान बांधण्याचे कसब आले, पण पुढचे विमान आखण्याचे कसब त्यातून निपजले नाही. वडोदऱ्यात तरी ते निपजेल काय? तेरा हजारांहून अधिक प्रकारचे सुटे भाग देशात तयार होतील असे सरकारने जाहीर केले आहे. हे भाग करणारे लहान-मोठे कारखाने व त्यांत काम करणारे कुशल हात तयार झाले, तरच या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी येईल.

निष्कर्ष

सात-आठ दशकांच्या या इतिहासातून तीन गोष्टी दिसून येतात. पहिली, वाहतूक ताफ्याचे नूतनीकरण बहुतेक वेळा संकटाने जाग आल्यानंतर किंवा जुने विमान थकल्यानंतरच झाले. ॲव्हरोच्या बाबतीत तर निविदेपासून पहिले विमान मिळेपर्यंत दहा वर्षे लागली. दुसरी, विमान कोणाकडून घेतले यापेक्षा ते कोणाच्या हाताने दुरुस्त होते, हे दीर्घकाळात अधिक निर्णायक ठरले. डॉर्निअर व एएन-३२ यांच्या अनुभवांतील अंतर हेच सांगते. तिसरी, दलांच्या गरजा वेगळ्या असल्या तरी मूळ विमान समाईक ठेवणे शक्य आहे आणि ते हिताचेही आहे.

या तिन्ही गोष्टी शेवटी माणसांपाशी येऊन थांबतात. हवाई दलाच्या देखभाल विभागाचे मुख्यालय नागपूरला आहे. बेळगावजवळच्या सांबरा येथे हवाई दलात भरती झालेल्या तरुणांना प्राथमिक प्रशिक्षण दिले जाते. हैदराबादमध्ये सुटे भाग होतात आणि वडोदऱ्यात जुळणी होते. हे सर्व आपल्या वाचकांच्या वस्तीतील वा शेजारचे प्रदेश आहेत. तरीही आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांपुढे विमानक्षेत्र म्हटले की एक तर वैमानिकाचे महागडे शिक्षण येते किंवा काहीच येत नाही. यंत्रकामगार, जोडारी, विद्युत तंत्रज्ञ, साहित्य तपासनीस, भांडारपाल, तांत्रिक कागदपत्रे सांभाळणारा लिपिक हे सर्व या क्षेत्राचे खांब आहेत, हे त्यांना कोणी सांगत नाही. समाजातील तरुणांचा हात हुनराला सरावलेला आहे. वेल्डिंग, फिटिंग, मोटारदुरुस्ती ही कामे अनेक घरांत पिढीजात चालत आली आहेत. त्या हुनराला गणित, इंग्रजी व प्रमाणपत्र यांची जोड देणे, हे शिक्षणसंस्थांचे काम आहे. ती जोड मिळाली नाही तर वडोदरा व हैदराबाद येथील कारखाने शेजारी असूनही परके राहतील.

इतिहासाच्या अध्यापकांनी लतीफ यांचे नाव अभिमानाने सांगावेच, पण त्याबरोबर हरजिंदर सिंग यांचेही सांगावे. एकाने आपला देश निवडला व त्याच्या हवाई दलाचे सर्वोच्च पद भूषविले. दुसऱ्याने अवजारांच्या पेटीपासून सुरुवात करून विमान उभे केले. वर्गात बसलेल्या मुलामुलींपैकी फार थोडी पहिल्या वाटेने जातील. दुसऱ्या वाटेने मात्र पुष्कळांना जाता येईल, आणि ती वाट असल्याचे त्यांना शाळा-महाविद्यालयातच कळले पाहिजे.